बाकावरची जागा रिकामी झाली की माणूस मंडळीतून जातो का?

लिंबोणी
सर्वांना सलाम. बरेच महिने इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांब झाला तर सांभाळून घ्या.

आम्ही नगरचे. अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली नगरला काम सुरू केलं, तेव्हापासूनच्या गोष्टी घरात ऐकत मोठे झालेलो. माझी आई आता 84 वर्षांची आहे. तिनं जन्मभर चर्चमध्ये काही ना काही केलंय, शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात) शिकवलं, महिला संघाची खजिनदार होती, आणि मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांतल्या, लग्नांना लागणारी मोठी भांडी मोजून देणं नि मोजून परत घेणं हे तर वीसेक वर्षं तिच्याकडंच होतं. गेल्या जूनमध्ये बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून घरातच आहे. वॉकर धरून संडासापर्यंत जाते, तेवढंच.

पहिले दोन आठवडे माणसांची रीघ होती. मग ती कमी झाली आणि ऑगस्टनंतर कुणीच आलं नाही. सहा महिने आईला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि प्याल्याचा विधी) मिळालं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सकाळी आंघोळ करून पांढरी साडी नेसून खाटेवर बसायची, मी विचारलं तर म्हणायची काही नाही गं, सवय आहे. मला आतून फार लागायचं ते.

नाताळात कॅरलवाली पोरं आली रात्री पावणेदोनला. मी आईची खाट खिडकीशी ओढून ठेवली होती. पोरं अंगणात टॉर्च धरून गायला लागली, एकाच्या हातात ढोलकी, आणि आई आतून त्यांच्याबरोबर सगळी कडवी गायली, न अडखळता. पोरांना ऐकूच गेलं नाही. करंज्या घेतल्या, दानाच्या डब्यात पैसे घेतले, मेरी ख्रिसमस आजी म्हणून पुढच्या घरी गेली. तेवढ्यानंसुद्धा ती दोन दिवस खूष होती.

मग जानेवारीत मला तिच्या उशीखाली दोनशे पानी वही सापडली. तिच्यात नावं, रोज वीस-पंचवीस. मंडळीतल्या माणसांची, कोण आजारी, कोणाची बारावी, कोणाला नोकरी नाही. एका ओळीत होतं, 'मागच्या बाकावरचा मुलगा, नाव माहीत नाही, निळा शर्ट'. रोज पहाटे ती ही नावं घेऊन प्रार्थना करते, कुणाला न सांगता. म्हणजे आम्ही समजत होतो आईची सेवा संपली, आता तिचं फक्त करायचं. आणि ती तर रोज दीड तास कामावर होती.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. आपल्याकडं बाळाचा बाप्तिस्मा होतो, शब्बाथ शाळा असते, मे महिन्यात व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा), मग दृढीकरण, तरुण संघ, लग्न, महिला संघ, पुरुष संघ, चर्चचा कारभार बघणारी पंच कमिटी. सगळ्याला जागा आहे. पण शिक्षणाला किंवा नोकरीला गाव सोडून गेलेली विशीतली पोरं आणि घरातून उठता न येणारी म्हातारी माणसं, ह्यांना नाही. बाकावर दिसत नाही तो मंडळीत नाही असं आपण धरून चाललोय का? तुमच्या तुमच्या वयाचा अनुभव सांगा.

डोंगरचा_वारा
ताई मी तो निळा शर्टवाला नाही पण असू शकलो असतो.

मी 26, जालन्याकडचा, पुण्यात हिंजवडीला जॉब. गावाकडं मी तरुण संघाचा सेक्रेटरी होतो, नाताळचं नाटक बसवायचो, ताऱ्याचा कंदील बांधायचो. पुण्यात आलो आणि पहिलं दीड वर्ष कुठल्याच चर्चला रेग्युलर गेलो नाही. रागबिग काही नव्हता, शनिवारी रात्री सपोर्टची शिफ्ट, रविवारी झोप, आणि एकदोन ठिकाणी गेलो तर कुणी विचारलंच नाही कोण तू. एका चर्चमध्ये शांतिवंदनाच्या वेळी शेजारच्या काकांनी हात मिळवला, नजर दुसरीकडंच होती, आणि मी बाहेर आल्यावर गाडीला किक मारली ते महिनाभर गेलोच नाही.

गावच्या मंडळीतून त्या दीड वर्षात एक फोन आला, कंदिलाची वायर कुठं ठेवलीस विचारायला. मला वाईट वाटलं पण खरं सांगू, त्या फोननं बरंही वाटलं.

अजाण_वाचक
मी ख्रिस्ती नाही पण धागा मनापासून वाचतोय. लिंबोणी, तुमच्या आईंना नमस्कार. दृढीकरण म्हणजे काय, मुंजीसारखं काही का?

लिंबोणी
@अजाण_वाचक, बरं झालं विचारलंत. बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा वचनं आईबाप देतात, बाळाला काहीच कळत नसतं. ते पोर चौदा-सोळा वर्षांचं झालं की त्याचा वर्ग घेतात, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना ह्याचा अर्थ शिकवतात, आणि मग ते सगळ्या मंडळीपुढं उभं राहून तीच वचनं स्वतःच्या तोंडानं देतं. बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आमच्याकडं त्यानंतर प्रभुभोजनात भाग घेता येतो. आमची सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या सहा चर्चेस एकत्र येऊन झालेलं चर्च, तिथं बाळाचा बाप्तिस्माही चालतो आणि मोठेपणी स्वतः कबुली देऊन घेतलेलाही, त्यामुळं प्रत्येक घरात थोडं वेगळं असतं.

दुःखाची गोष्ट अशी की दृढीकरणाचा फोटो काढला की त्यातली निम्मी पोरं पुढं दिसत नाहीत. माझ्या स्वतःच्या मुलाचं तेच झालं, तो आता बंगलोरला आहे, त्याबद्दल लिहायला अजून जमत नाही.

जुना_पंच
भगिनी, सलाम. आपल्या मातोश्रींबद्दल वाचून मन भरून आलं. परंतु दुसरी बाजूही मांडतो. मी बारा वर्षं पंच कमिटीवर काढली आहेत. आमच्या पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) तालुक्याचं चर्च आणि चार खेड्यांतल्या मंडळ्या होत्या. रविवारी सकाळी इथली उपासना, दुपारी एका गावी, संध्याकाळी दुसऱ्या. मधल्या दिवसांत मयत, लग्नं, डायसिसच्या (बिशपांच्या विभागाच्या) मीटिंगा, शाळेचे प्रश्न, जमिनीची कोर्ट प्रकरणं. माणूस एक आणि मोटरसायकल एक. याकोबाच्या पत्रात (5:14) स्पष्ट लिहिलं आहे की कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं. बोलवावं! आपण बोलावलंत का?

लिंबोणी
@जुना_पंच काका, नाही बोलावलं. आईनं बोलवू दिलं नाही. त्यांना कशाला त्रास, ते येतील त्यांच्या सवडीनं, हेच तिचं. ती फार भिडस्त. आणि मलाही वाटलं मागून आणलेली भेट काय कामाची. तिथं माझं चुकलं हे मान्य करते.

सात_गावांचं_पाणी
लिंबोणी बाळा, मी पाळकीण. म्हणजे होते, साहेब निवृत्त झाले, आता आम्ही मुलाकडे. चौतीस वर्षांत सात ठिकाणी बदल्या झाल्या, प्रत्येक वेळी ट्रकमध्ये तीच लोखंडी खाट आणि तीच शिलाई मशीन.

जुना पंच म्हणतात ते खरंय, साहेब रात्री अकराला जेवायचे. पण मी तुला आतली गोष्ट सांगते. घरोघर जाऊन भेटणं हे काम पाळकाचं कधी एकट्याचं नव्हतंच गं. माझी आजी बायबलबाई होती. पिशवीत पवित्रशास्त्र, गीतांचं पुस्तक आणि थोडंसं औषधपाणी घेऊन उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर चालत जायची, बायकांच्या चुलीशेजारी बसून वाचून दाखवायची. अडाणी बायकांना अक्षरं शिकवायची. त्या बायका गेल्या, आणि त्यांच्या जागी आपण कुणाला ठेवलंच नाही. सगळं पाळकावर टाकलं आणि मग पाळक येत नाही म्हणून रुसलो.

दुसरं, आईच्या वहीबद्दल. मी प्रत्येक नव्या गावी गेल्यावर पहिल्या महिन्यात मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई शोधायची. तिच्याकडं गावाचा इतिहास असतो, कोणत्या दोन घरांत बोलणं नाही, कोणाचं पोर दारूला लागलंय, कोणाचा नवरा मुंबईला जाऊन परतच आला नाही. मी तिला सांगायची, आजी मला तुमची प्रार्थना पाहिजे, ह्या चार घरांसाठी. तिला नुसतं भेटायला कधीच गेले नाही, काम घेऊन गेले. त्यांचे चेहरे असे उजळायचे! एका आजीनं मला सांगितलेलं, तुम्ही आल्यापासून मला मरायला वेळ नाही. पुढं तीन वर्षं जगली ती.

दोन_पोरांची_आई
सगळ्यांचं वाचून रडायला आलं. मी 33, एक पाच वर्षांचा आणि एक नऊ महिन्यांची. माझ्या वयाचं सांगते.

मी चर्चला जाते पण गेल्या पाच वर्षांत एक संदेश पूर्ण ऐकलेला नाही. पोरगं रडलं की मागं, मग व्हरांड्यात, मग झाडाखाली. तिथं अजून तीन आया असतात. उपासना आत चालू असते आणि आम्ही बाहेर बिस्किटं वाटत. एकदा एक मावशी येऊन म्हणाल्या पोरांना सांभाळता येत नसेल तर घरी राहायचं. मी खरंच दोन महिने घरी राहिले. मग सासूबाईच म्हणाल्या, चल मी एकीला घेते, तू आत बस. त्या स्वतः आता व्हरांड्यात बसतात. मी आत आणि त्या बाहेर.

2 तीमथ्य मध्ये पौल तीमथ्याच्या आजीचा विश्वास आणि आईचा विश्वास असं नाव घेऊन लिहितो ना, लोईस आणि युनीके. मी तो भाग शंभर वेळा ऐकला असेल, पण ती लोईस कधी तरी बाहेर तान्हा तीमथ्य घेऊन उभी राहिली असेल म्हणजे युनीकेला आत बसता यावं, हे मला आता सुचतंय.

केळीची_वाडी
नमस्कार, मी वसईचा, कॅथलिक. आमची पद्धत थोडी वेगळी म्हणून लिहितो.

आमच्याकडं आजारी माणसाला घरी परमप्रसाद (तुमचं प्रभुभोजन) नेणं हे ठरलेलं काम आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर किंवा सिस्टर, आणि आता प्रशिक्षण घेतलेले साधे संसारी लोकही घेऊन जातात. माझे वडील रिटायर्ड एसटी कंडक्टर, ते आमच्या भागात नऊ घरं करतात, सायकलवर. आदल्या दिवशी घरच्यांना फोन करतात की टेबलावर स्वच्छ कापड आणि मेणबत्ती ठेवा. त्यांना वयाच्या 67 व्या वर्षी हे काम मिळालं आणि तिकीट फाडताना जशी माणसं लक्षात राहायची तशी आता लक्षात राहतात म्हणतात.

पण सगळं छान आहे असं नाही. माझी आजी लॅटिन मिस्सेत (आमच्या मुख्य उपासनेत) वाढली, काय चाललंय ते कळायचं नाही, ती आपली जपमाळ ओढत बसायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 65) मराठीत मिस्सा आली तेव्हा ती चाळिशीत होती, म्हणायची अर्धं आयुष्य झाल्यावर देव मराठीत बोलायला लागला. त्याच परिषदेनंतर शेवटच्या तेलाचा (फादर आजाऱ्याला लावतात त्या पवित्र तेलाचा) अर्थही बदलला, तो फक्त मरणाऱ्यासाठी नाही, कुठल्याही गंभीर आजाऱ्यासाठी आहे. तरी अजून आळीत फादर तेल घेऊन शिरले की बायका कुजबुजतात, संपलं वाटतं. त्या भीतीपायी घरचे बोलवायला उशीर करतात आणि आजाऱ्याला शुद्ध असताना मिळायचा दिलासा मिळत नाही. लिंबोणी ताईंच्या आईसारखी भीडच ती, फक्त वेगळी.

वाळवंटातला_मराठी
आखाती देशातून. इथं अनेक वर्षं सुट्टी शुक्रवारची म्हणून आमचा रविवार शुक्रवारी यायचा. यूएईत 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली तरी बरेच जण अजून शुक्रवारीच भक्तीला जमतात, सवय लागलीय. एका कंपाउंडमध्ये पाच भाषांच्या उपासना तासातासानं.

माझ्या वडिलांचं मयत मी व्हिडिओवर पाहिलं. तिकीट मिळालं नाही. कबरस्तानात चुलतभावानं मोबाईल धरलेला, हात थरथरत होता त्याचा. इथल्या मराठी ग्रुपमधले अकरा जण त्या रात्री माझ्या खोलीवर आले, त्यातले चार मला धड ओळखतही नव्हते, आणि दोन बंक बेडवर दाटीवाटीनं बसून गीतं गायली. वय, संघ, कमिटी काही नाही. त्या दिवसापासून मी कुणाच्याही घरी मयत झालं की जातो, ओळख असो नसो. एवढंच लिहायचं होतं.

डोंगरचा_वारा
@वाळवंटातला_मराठी दादा 🙏

ताई, मी काल गावाकडच्या सेक्रेटरीला फोन लावला. विचारलं गाव सोडून गेलेल्यांची यादी आहे का. नाही म्हणाला. मग आम्ही दोघांनी बसून काढली, 41 जण निघाले, 19 तर पुण्यातच. मी त्यातल्या सहा जणांना ओळखतो आणि आम्ही एकाच शहरात असून कधी भेटलो नाही!!

भाकरतुकडा
मी विदर्भातला, शेतकरी. थोडं हंगामाच्या सणाबद्दल लिहितो कारण माझ्या मते लहानथोर सगळे एकत्र दिसतात ते त्याच दिवशी.

आमच्या खेड्यात प्रत्येक घर पहिलं पीक आणतं, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, भोपळा, कोंबडी, अंडी, एकदा तर कुणी बोकड आणून खांबाला बांधलेला आणि प्रार्थना चालू असताना तो ओरडत होता. उपासना झाली की लिलाव. बोली अशी चालते की डझनभर अंडी पाचशेला जातात, घेणारा ती परत ठेवतो, पुन्हा लिलाव. पोरं आरडाओरडा करतात. ज्याच्याकडं काही पिकलं नाही तो घरातल्या पोळ्या आणतो.

तीन वर्षांपूर्वी माझं सोयाबीन पूर्ण गेलं, पाऊस काढणीच्या वेळी आला. सणाला जायचं नाही ठरवलं, काय तोंडानं जाऊ. आमच्या मंडळीतले एक आजोबा, डोळ्यांनी दिसत नाही, नातवाचा हात धरून घरी आले सकाळी. म्हणाले काळं पडलेलं असेल तर काळंच आण, मला चाचपू दे. मी ओंजळभर काळं सोयाबीन घेऊन गेलो. ते वेदीपुढं ठेवलं गेलं, भोपळ्याच्या बाजूला. लिलावात नाही धरलं त्याला. पाळकांनी ते हातात घेऊन प्रार्थना केली आणि मी लहान पोरासारखा रडलो. माझ्या विश्वासाचा तो सगळ्यात अवघड ऋतू होता, आणि त्यात मला धरून ठेवलं ते एका आंधळ्या म्हाताऱ्यानं.

जुना_पंच
भाकरतुकडा, आपलं लिखाण वाचून मी बराच वेळ तसाच बसलो.

लिंबोणी भगिनी, मी आधी थोडं ताठ लिहिलं. माझी पत्नी जाऊन दोन वर्षं झाली. ती असताना लोक घरी यायचे, ते तिच्यासाठी यायचे हे आता कळतं. पुरुष संघात आम्ही हिशेब आणि इमारतीची डागडुजी ह्यावर तासन् तास बोलतो, पण विधुर माणसाला रात्री काय होतं ह्यावर कधी बोललो नाही. आपल्याकडची थोर माणसं आठवतो. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये, एकाच घरात पाच वर्षांचं अंतर, आणि दोघांनी ते सोसलं. पुढे 1917 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. पंडिता रमाबाई केडगावला शेवटपर्यंत पवित्रशास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतरात बुडालेल्या होत्या, 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी, आणि 1922 च्या एप्रिलात त्या गेल्या. मी 71 चा आहे. मला वाटायचं माझं झालं. आता विचार करतो आहे.

सात_गावांचं_पाणी
जुना पंच भाऊ, तुम्ही चहाला कुणाला तरी बोलवा. आठवड्यातून एकदा, तरुण पोरांना. नुसता चहा आणि खारी.

अजाण_वाचक
धाग्यात उगाच मध्ये येतोय, पण माझी आजीसुद्धा गुडघ्यांमुळं तीन वर्षं वारीला गेली नाही, तेव्हापासून गप्प असते. आज तिला विचारणार आहे की तिला कुणासाठी काय मागायचं असतं रोज.

लिंबोणी
@अजाण_वाचक, नक्की विचारा. आणि तिनं सांगितलं तर लिहून ठेवा.

पुढचं कळवते. बुधवारी मी पाळकसाहेबांना फोन केला. तक्रार केली नाही. आईच्या वहीबद्दल सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले मी शनिवारी येतो. शनिवारी आले, छोट्या लाकडी पेटीत प्याला आणि भाकर घेऊन. आईनं पांढरी साडी काढायला लावली मला, शनिवार असून. प्रभुभोजन झालं, आणि जाताना साहेबांनी खिशातून कागद काढला, मंडळीत घरात अडकलेल्या माणसांची नावं त्यांनी रात्री बसून लिहिलेली, चौदा. म्हणाले मावशी, मला ही नावं पुरी पडत नाहीत, तुम्ही घ्याल का. आईनं चष्मा मागितला. चौदापैकी दोघांबद्दल तिनं सांगितलं की हे तर केव्हाच मुलीकडं औरंगाबादला गेले, आणि तीन नवी नावं घातली जी साहेबांना माहीतच नव्हती.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात हन्ना संदेष्ट्री येते, मंदिर न सोडणारी, तिचं वय 84 लिहिलंय. मी आईला ते वाचून दाखवलं तर म्हणाली तिला निदान मंदिरात जाता येत होतं. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, वही आण.

आणखी एक. निळा शर्टवाला सापडला! डिप्लोमाला आहे, बीडकडचा, हॉस्टेलवर राहतो, मेसचं जेवण आवडत नाही. साहेबांनी त्याला आईकडं पाठवलं वाचून दाखवायला, कारण तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. पहिल्या दिवशी दारातच उभा, बूट काढू का नको. आईनं विचारलं नाव काय तुझं, आणि त्यानं सांगितल्यावर वहीतली ती ओळ खोडून तिथं नाव लिहिलं, त्याला न दाखवता. मग पिठलं भाकरी खाऊन गेला. आता मंगळवार-शुक्रवार येतो.

ठेवते आता, आईच्या डोळ्यांत ड्रॉप घालायची वेळ झाली. उद्या तो सहाला येतो म्हणालाय. दानीएलाचा सहावा अध्याय राहिलाय, आणि आईनं सकाळीच वांगी आणायला सांगितलीत.